तपासणी फक्त सुनेचीच का?

गेली पंचवीस वर्षे दवाखान्यात एक दृश्य मी वरचेवर पाहत आलो आहे. लग्नाला तीन-चार वर्षे झालेली सून, तिच्या हातात जाडजूड फाईल आणि सोबत काळजीने व्याकूळ झालेल्या सासूबाई. फाईलमध्ये सोनोग्राफी असते, थायरॉईडचे रिपोर्ट असतात, गर्भनलिकांचा एक्स-रेही असतो. ‘आणि मुलाची तपासणी?’ असे विचारले की बहुधा उत्तर येते, ‘त्याला काय झालंय डॉक्टर? चांगला धडधाकट आहे.’

वाचकहो, हा गैरसमज दूर करण्यासाठीच हा लेख. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचा दोष कमी-अधिक प्रमाणात कारणीभूत असतो. धडधाकट शरीर, उत्तम लैंगिक क्षमता आणि शुक्राणूंची गुणवत्ता या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोन असूनही तिसरी नसू शकते, आणि ती केवळ सूक्ष्मदर्शकाखालीच कळते.

शुक्राणूंची संख्या जितकी महत्त्वाची, तितकीच त्यांची हालचाल. गर्भाशयमुख ओलांडून, गर्भाशयातून वर चढून गर्भनलिकेत स्त्रीबीजापर्यंत पोहोचायचे, तर शुक्राणूला शेपटीच्या जोरावर पुढे सरकता आले पाहिजे. काही शुक्राणू सरळ पुढे जातात, काही जागच्या जागी वळवळतात, तर काही निश्चल असतात. खरा उपयोग पहिल्या गटाचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या निकषांनुसार एकूण हालचाल किमान 42 टक्के, पुढे सरकणारे किमान 30 टक्के आणि संख्या दर मिलिलिटरला किमान 1 कोटी 60 लाख असावी. म्हणजे पन्नास टक्के हालचाल हा आकडा शाळेच्या गुणपत्रिकेसारखा वाचू नये. तो समाधानकारकच आहे. आकडा थोडा खाली असला, तरी गर्भधारणा अशक्य ठरत नाही.

नमुना देण्यापूर्वी दोन ते सात दिवस संयम पाळावा लागतो. नमुना शक्यतो प्रयोगशाळेतच द्यावा. उशीर झाला किंवा तो थंड पडला, तर हालचाल खोटीच कमी दिसते. पहिला रिपोर्ट सदोष आला, तर निष्कर्ष काढण्यापूर्वी तपासणी पुन्हा करावी.

हालचाल का मंदावते? वृषणांना शरीरापेक्षा दोन ते चार अंश कमी तापमान लागते. भट्टीजवळचे काम किंवा सततचे गरम पाण्याचे टब त्यांना मानवत नाहीत. वृषणाभोवतीच्या शिरा फुगणे, म्हणजे व्हेरिकोसील, हे वारंवार आढळणारे आणि अनेकदा उपचारसाध्य कारण आहे. तंबाखू, गुटखा, मद्य, लठ्ठपणा, अनियंत्रित मधुमेह आणि जंतुसंसर्ग यांचाही वाटा असतो. पिळदार शरीरासाठी व्यायामशाळेत घेतली जाणारी टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने तर शुक्राणूंची निर्मितीच थांबवू शकतात.

शुक्राणू तयार होऊन परिपक्व होण्यास सुमारे तीन महिने लागतात. म्हणून आज तंबाखू सोडली, तर तिचे फळ तीन महिन्यांनी दिसेल. त्याचप्रमाणे नुकताच जोराचा ताप येऊन गेला असेल, तर रिपोर्ट तात्पुरता बिघडू शकतो. हे सारे डॉक्टरांना सांगावे. जाहिरातीतील ‘हमखास’ चूर्णांवर मात्र पैसे व वेळ दवडू नयेत.

आता आपल्यासारख्या वडीलधाऱ्यांविषयी. आपल्याजवळ एक मोलाची गोष्ट आहे, ती म्हणजे मुलाच्या लहानपणाची आठवण. वयात येताना किंवा त्यानंतर त्याला गालगुंड होऊन वृषण सुजले होते का? जन्मतः वृषण खाली उतरले नव्हते का? हर्नियाची शस्त्रक्रिया झाली होती का? मुलाला हे बहुधा ठाऊकच नसते. ते त्याला एकांतात, शांतपणे सांगा.

वर्षभर नियमित संबंध ठेवूनही दिवस राहिले नाहीत, आणि सुनेचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांतच, दोघांनी एकत्र तपासणीस जावे. वीर्यतपासणी स्वस्त आहे, वेदनारहित आहे. सुनेच्या कष्टदायक तपासण्यांआधी ती व्हावी यातच शहाणपण आहे. पुढे कृत्रिम गर्भधारणेची वेळ आलीच, तर 2021 च्या कायद्यानुसार नोंदणी झालेलेच केंद्र निवडावे.

रिपोर्ट काय आला, हे त्या दोघांनी आपणहून सांगेपर्यंत विचारू नका. दोष कोणाचा, हा प्रश्न घरात काढूच नका. परवा एक सासूबाई मुलालाच घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘डॉक्टर, आधी याला तपासा, सुनेला फार टोचून झालं.’ त्यांचे ते शब्द ऐकून मला मनापासून समाधान वाटले. आपल्या घरीही ते उच्चारले जावेत, एवढीच अपेक्षा.