पाणी मागायला शिकताना
स्वमग्न मूल पाण्यासाठी किंचाळतं, तो बहुतेकदा हट्ट नसतो. मागायचं कसं, हे त्याला सापडलेलं नसतं. वर्तनोपचारात हेच शिकवतात. पेल्याचं चित्र त्यानं आपल्या हातात दिलं की त्याच क्षणी पाणी द्यायचं. उशीर झाला, तर चित्र आणि पाणी यांचा धागा जुळत नाही. थेरपिस्टचे तास मोजके, बाकी दिवस घरचा. म्हणून आजीनंही तेच चित्र, तोच शब्द वापरावा. हात फडफडवणं मात्र बळजबरीनं थांबवू नये, त्यातून अनेक मुलं स्वतःला सावरतात. आणि आईला रोज तासभर मोकळीक मिळणं, हा मी उपचाराचाच भाग मानते. १९९९च्या कायद्यानं स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विम्यात थेरपीचा खर्चही ठरावीक मर्यादेत मिळतो. त्यासाठी दिव्यांग प्रमाणपत्र आधी काढून ठेवावं.