टूडी इकोच्या रिपोर्टमधले टक्के

मागच्या खेपेला ईसीजीवर बोलून झाल्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला. ईसीजी नॉर्मल आला, तरी डॉक्टर टूडी इको करून या असं का सांगतात? तर बघा, ईसीजी हृदयातली वीज दाखवतो, इको हृदयाची हालचाल दाखवतो. सोसायटीच्या मोटरला लाइट येतोय म्हणजे गच्चीवरच्या टाकीत पाणी चढतंय असं नसतं. ते वर जाऊन टाकीत डोकावूनच कळतं. इको म्हणजे हे डोकावणं.

आम्ही इको करणारी माणसं. रिपोर्ट हातात पडल्यावर लोक काय करतात ते रोज बघतो. बाकी सगळं सोडून टक्के शोधतात. एक निवृत्त मुख्याध्यापक आमच्याकडे आले होते, चढ चढताना दम लागायचा म्हणून. अँजिओग्राफी स्वच्छ होती, पण हृदयाचा स्नायूच कमकुवत होऊन हृदय फुगलं होतं. रिपोर्ट वाचून म्हणाले, "आयुष्यभर पोरांना पस्तीसला पास केलं, आता मलाच पस्तीस मिळाले." हसले, पण लगेच विचारलं, "म्हणजे पासष्ट टक्के हृदय बंद पडलं का हो?"

नाही. आणि हे नीट समजून घेण्यासाठीच आजचं व्याख्यान आहे.

आधी यंत्राबद्दल थोडं. आपल्याला सेकंदाला साधारण 20,000 कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. इकोचा प्रोब मोठ्या माणसांसाठी 20 ते 50 लाख कंपनांचा आवाज सोडतो. तो शरीरात सेकंदाला सुमारे 1540 मीटर वेगाने जातो, प्रत्येक पडद्यावर थोडा आपटतो आणि परत येतो. दहा सेंटिमीटर खोल असलेल्या भिंतीवरून परत यायला त्याला सेकंदाचा साधारण 7700 वा भाग लागतो. त्या वेळेवरून अंतर, आणि अशा असंख्य अंतरांवरून चित्र. यात एक्स-रेसारखे किरण नसतात. हवेतून मात्र हा आवाज जात नाही, म्हणून ते गार जेल लावतात, डाव्या कुशीवर वळवतात आणि "श्वास सोडा, धरा" म्हणतात. फुप्फुस बाजूला झालं की हृदय दिसतं.

याची सुरुवात स्वीडनमधल्या लुंड गावी झाली. इंगे एडलर हे डॉक्टर. शस्त्रक्रियेआधी रुग्णाची माइट्रल झडप अरुंद आहे की गळकी, हे छाती न उघडता कसं कळणार, ही त्यांची अडचण. हेल्मुट हर्ट्झ हे भौतिकशास्त्रज्ञ. धातूच्या आतली भेग शोधायला जहाजाच्या कारखान्यात जे ध्वनियंत्र वापरत, ते माल्मो बंदरात जाऊन हर्ट्झनी बघितलं. मग सीमेन्सकडून तसंच एक यंत्र उसनं आणलं आणि ऑक्टोबर 1953 मध्ये दोघांनी जिवंत हृदयाचे पहिले प्रतिध्वनी नोंदवले. तेव्हा चित्र नव्हतं, नुसत्या वरखाली होणाऱ्या रेघा. आजचं टूडी, म्हणजे दोन मितींचं हलतं चित्र, बरंच नंतरचं.

आता टक्के. रिपोर्टवर एलव्हीईएफ लिहिलेलं असतं, त्याला आम्ही बोलताना नुसतं ईएफ म्हणतो, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन. डावा कप्पा पूर्ण भरला की त्यात समजा 120 मिलिलिटर रक्त आहे. आकुंचन झाल्यावर 50 उरलं. म्हणजे 70 बाहेर गेलं. 120 पैकी 70, म्हणजे 58 टक्के. हे नॉर्मल आहे. शंभर टक्के कुणाचंच नसतं. निरोगी माणसाचं साधारण 52 ते 74 च्या दरम्यान असतं. म्हणजे 60 आलं तर तो फर्स्ट क्लास नव्हे, ते नेहमीचंच हृदय.

मुख्याध्यापकांच्या हृदयाचं गणित वेगळं होतं. कप्पा फुगून समजा 200 मिलिलिटरचा झाला, त्यातलं 70 बाहेर गेलं. 35 टक्के. पण बघा, बाहेर गेलेलं रक्त तेवढंच, 70! म्हणून असा माणूस स्वस्थ बसलेला असताना ठीक वाटतो. शरीराने कप्पा मोठा करून वेळ निभावून नेलेली असते. मात्र हे फार दिवस चालत नाही. आतला दाब वाढतो, फुप्फुसात पाणी साठायला लागतं, पायांवर सूज येते. म्हणून आम्ही नुसते टक्के बघत नाही, कप्पा केवढा झालाय तेही बघतो. तुम्हीही रिपोर्टमध्ये तो आकडा बघा, शेजारीच असतो.

दुसरी गोष्ट, हे टक्के काही वजनकाट्यावर येत नाहीत. आम्ही दोन बाजूंनी चित्र थांबवून कप्प्याच्या आतली कड आखतो, यंत्र त्याच्या वीस चकत्या कल्पून घनफळ काढतं. कड नीट दिसली नाही, प्रोब थोडा तिरका धरला गेला, की आकडा बदलतो. गर्दीच्या दिवशी अनुभवी डॉक्टर नजरेनेच अंदाज लिहितात, आणि तो बहुधा बरोबर असतो. पण दोन ठिकाणच्या रिपोर्टमध्ये पाच ते दहा टक्क्यांचा फरक पडू शकतो. 40 चे 45 झाले म्हणून पेढे वाटू नका, आणि 45 चे 40 झाले म्हणून रात्रभर जागू नका.

तिसरी गोष्ट. माइट्रल झडप गळत असेल तर ईएफ फसवतं. रक्त पुढे न जाता मागे जातं, तरी कप्पा रिकामा होतोच, आकडा छान येतो. म्हणून तीव्र गळतीत ईएफ 60 वर आलं तरी आम्ही शस्त्रक्रियेचा विषय काढतो. नातेवाईक म्हणतात, रिपोर्ट तर नॉर्मल आहे!

आणि ईएफ 50 च्या वर असूनही हृदय निकामी होऊ शकतं. पिळण्याची ताकद शाबूत, पण स्नायू ताठर, सैल होत नाही, म्हणून भरतच नाही. बरीच वर्षं रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांमध्ये, विशेषतः वयस्कर बायकांमध्ये हे खूप दिसतं. "वयामुळे दम लागतो" म्हणून त्यांना घरी बसवलेलं असतं. मात्र साठीनंतरच्या बहुतेक रिपोर्टवर "ग्रेड वन डायस्टोलिक डिसफंक्शन" असं लिहिलेलं असतं, नुसत्या त्या ओळीने घाबरू नका. "ट्रिव्हियल एमआर" म्हणजे तर किंचित गळती, ती निरोगी माणसातही सापडते.

रंगांचंही सांगतो. स्क्रीनवरचा लाल आणि निळा म्हणजे शुद्ध आणि अशुद्ध रक्त नव्हे. प्रोबकडे येणारं रक्त लाल, लांब जाणारं निळं, एवढंच. त्या डॉप्लरवरून वेगही मिळतो. वेगाचा वर्ग करून चारने गुणलं की झडपेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक कळतो. महाधमनीच्या झडपेतून रक्त सेकंदाला 4 मीटर वेगाने जात असेल तर 64 मिलिमीटर. ही झडप फारच अरुंद झाली.

आता पुन्हा मुख्याध्यापकांकडे. गोळ्या सुरू झाल्या, मीठ कमी केलं, आठ महिन्यांनी ईएफ 55 आलं. आम्हालाही आनंद झाला. मग दीड वर्ष ते आलेच नाहीत. आले ते व्हीलचेअरवर, रात्री बसून झोपणारे. ईएफ 30. "नॉर्मल झालं होतं ना, म्हणून गोळ्या बंद केल्या." इथे थोडी चूक आमचीही होती. आम्ही आकडा सांगितला, त्याचा अर्थ सांगितला नाही.

हाच प्रश्न लंडनमधल्या डॉक्टरांनी तपासून पाहिला. अशाच आजारातून ईएफ सुधारलेले, काहीही त्रास नसलेले 51 रुग्ण घेतले. 25 जणांची औषधं देखरेखीखाली हळूहळू बंद केली, 26 जणांची चालू ठेवली. सहा महिन्यांत पहिल्या गटातल्या 11 जणांचा आजार परतला. दुसऱ्या गटात एकाचाही नाही. 2019 मध्ये हे लॅन्सेटमध्ये छापून आलं. म्हणजे तो 55 चा आकडा गोळ्यांसकट होता.

एक चिठ्ठी आली आहे, ती घेऊन थांबतो. "वडिलांना झटका येऊन दहा दिवस झाले, स्टेंट घातला, इकोत 30 टक्के आहे. शॉक देणारं मशीन बसवावं लागेल का?" आज या आकड्यावरून ठरवत नाहीत. झटक्यानंतर काही स्नायू मेलेला असतो, काही नुसता बधिर झालेला असतो. बधिर भाग रक्तपुरवठा सुरू झाल्यावर काही आठवड्यांत पुन्हा हलायला लागू शकतो. म्हणून साधारणपणे किमान 40 दिवस औषधं देऊन, स्टेंट किंवा बायपास झाला असेल तर बहुधा तीन महिने थांबून इको पुन्हा करतात. तेव्हाही ईएफ 35 च्या खाली राहिलं तर त्या मशीनचा विचार होतो. मधल्या काळात चक्कर आली, शुद्ध हरपली किंवा छाती फार धडधडली तर मात्र वाट बघू नका, लगेच दवाखान्यात न्या. आणि पुढच्या इकोला शक्यतो त्याच सेंटरला जा, जुना रिपोर्ट आणि सीडी दोन्ही घेऊन.