महापालिकेचं मोफत औषध आणि त्याचा हिशेब

केईएम, नायर किंवा सायन या पालिका रुग्णालयांच्या ओपीडीत दहा रुपयांचा केस पेपर काढणाऱ्या माणसाला वाटतं, उपचार जवळजवळ फुकट मिळाले. त्याच्यापुरतं ते खरंही असतं. पण मुंबई महापालिकेच्या 2025-26 च्या 74,427 कोटी रुपयांच्या अंदाजपत्रकात आरोग्यासाठी सुमारे 7,380 कोटी ठेवले होते, म्हणजे दर दहा रुपयांतला जवळपास एक. यातला बराच पैसा मालमत्ता करातून येतो आणि 1 जुलै 2017 ला जकात गेल्यावर राज्याकडून मिळणाऱ्या भरपाईतून येतो. कराचा बोजा घरभाड्यातही मिसळलेला असतो, त्यामुळे भाडेकरूचाही यात वाटा असतो. हिशेब मागण्याचा हक्क या वाट्यातूनच येतो.

ऑडिट दिल्लीहून ‘कॅग’ (भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) आल्यावरच होतं, असं अनेकांना वाटतं. पण 1888 च्या मुंबई महानगरपालिका कायद्यानं मुख्य लेखापरीक्षकाचं पद पालिकेतच ठेवलं आहे. आठवड्यागणिक जमाखर्च तपासायचा आणि नगरसेवकांच्या स्थायी समितीपुढे अहवाल ठेवायचा, हे त्याचं काम. म्हणजे तपासणी रोजच्या कारभारातच बसवलेली आहे. अडचण पुढच्या टप्प्यावर येते. अहवाल वाचून प्रशासनाला जाब विचारायचा तो निवडून आलेल्या सदस्यांनी, आणि मुंबईत 7 मार्च 2022 ला सभागृहाची मुदत संपल्यावर साडेतीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते. त्या काळात कारभार पाहणाऱ्या प्रशासकाच्या खर्चावरचे आक्षेप प्रशासकापुढेच जात राहिले. लेखापरीक्षक कितीही कर्तव्यदक्ष असला तरी अशी पोकळी तो भरून काढू शकत नाही.

आता सर्वांत जास्त गोंधळ घालणारा समज: आक्षेप आला म्हणजे घोटाळा झाला. आयुष्मान भारत या केंद्राच्या आरोग्यविमा योजनेवरच्या कॅगच्या 2023 च्या अहवालाचं उदाहरण घ्या. जवळपास साडेसात लाख लाभार्थ्यांची नोंद 9999999999 या एकाच मोबाइल क्रमांकावर झाल्याचं त्यात आढळलं आणि मथळे गाजले. पात्रता मोबाइलवर ठरतच नाही, असा खुलासा केंद्र सरकारनं केला. तो मान्य केला तरी रुग्णाशी संपर्क साधून ‘उपचार खरंच मिळाले का’ हे विचारण्याची वाट बंद झाली, हा दोष उरतोच. नोंदी ढिसाळ होत्या हे त्यातून सिद्ध होतं, चोरी सिद्ध होत नाही.

त्याच अहवालातली दुसरी नोंद मात्र फार गंभीर आहे, आणि तिची चर्चा त्या मानानं कमी झाली. आधीच मृत्यू झाल्याचं नोंदवलेल्या 3,446 रुग्णांच्या नावे 3,903 दावे मंजूर झाले आणि 6 कोटी 97 लाख रुपये दिले गेले. इथे पैसा प्रत्यक्ष बाहेर पडला होता. दोन्ही नोंदी एकाच तागडीत तोलल्या की खऱ्या गुन्ह्याला गर्दीत लपायला जागा मिळते. आक्षेप वाचताना आधी पाहावं, की चूक नोंदीत आहे, नियमात आहे की पैशात.

संकटकाळातल्या खर्चाला हिशेब नसतो, हा समज तर मोठमोठ्या कार्यालयांतही आढळतो. कॅगनं मुंबई महापालिकेच्या 28 नोव्हेंबर 2019 ते 31 ऑक्टोबर 2022 या काळातल्या सुमारे 12,024 कोटींच्या कामांची विशेष तपासणी हाती घेतली. तिचा अहवाल मार्च 2023 मध्ये विधानसभेत मांडला गेला. त्यातला कोविडचा 3,538 कोटी 73 लाखांचा खर्च तपासणीबाहेर राहिला, कारण 1897 चा साथरोग कायदा आणि 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा पुढे करून पालिकेनं ती कागदपत्रं दिली नाहीत. आपत्ती कायदा तातडीच्या खरेदीत टेंडरची अट शिथिल करतो, आणि ते योग्यच आहे. ऑक्सिजनसाठी महिनाभर निविदा चालवता येत नाही. पण टेंडरमधून सूट आणि हिशेबातून सूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्पर्धा नसताना दर कसा ठरला, माल आला का, तो कुठल्या वॉर्डात वापरला, हे तर अशा वेळी अधिकच काटेकोरपणे तपासायला हवं. पालिकेची ती भूमिका चुकीची होती असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑडिट म्हणजे काटछाट, सवलती बंद करण्याची पूर्वतयारी, ही भीती गरीब वस्त्यांतून ऐकू येते. चांगलं ऑडिट उलटही बोलतं. औषधांसाठीची तरतूद न वापरता परत गेली तर वहीत ती बचत दिसते. प्रत्यक्षात डॉक्टर चिठ्ठी लिहून देतात, ‘बाहेरून आणा’, आणि तोच खर्च रुग्णाच्या खिशावर पडतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार 2021-22 मध्येही देशातल्या एकूण आरोग्यखर्चातले 39.4 टक्के लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले. म्हणून फक्त व्हाउचर आणि सह्या जुळवणं पुरेसं नाही. स्टॉक रजिस्टरमधला साठा आणि वॉर्डात दिलेली औषधं ताडून पाहावी लागतात, एमआरआय यंत्र वर्षातले किती दिवस बंद होतं ते विचारावं लागतं, एका बाळंतपणावर खरा खर्च किती आला ते काढावं लागतं. यालाच कामगिरीचं लेखापरीक्षण म्हणतात. आरोग्यसेवेत खरं मोल त्याचंच आहे.

हे सगळं सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचं नाही. विधिमंडळात मांडलेले कॅगचे अहवाल खुले असतात. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही लागत नाही, आणि सर्वसाधारणपणे तीस दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. कागदपत्रं प्रत्यक्ष जाऊन पाहण्याचाही हक्क आहे. अर्ज कराल तेव्हा नुसते आक्षेप मागू नका; प्रत्येक आक्षेपावर खात्यानं काय उत्तर दिलं, किती वसुली झाली आणि किती आक्षेप अजून निकाली निघालेले नाहीत, तेही लेखी मागा.