मेंदूत साचणारा प्रथिनांचा गाळ

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. कपाळावर चढवलेला चष्मा आजोबा घरभर शोधू लागले, की ही म्हण हमखास कोणाच्या तरी तोंडी येते आणि सगळे हसतात. असे विसरणे निरुपद्रवी असते. परंतु एखाद्या घरातील आजी जेवून उठतात आणि पाचच मिनिटांनी 'मला कोणी वाढलेच नाही' म्हणून रडू लागतात. जन्म ज्या गल्लीत गेला तेथेच त्या वाट चुकतात. पुढे तर पोटच्या मुलालाच 'आपण कोण?' असे विचारतात. हा वयाचा दोष नव्हे, हा मेंदूचा रोग आहे. त्याची खूण सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. ती खूण म्हणजे बिघडलेल्या प्रथिनांचा गाळ. हा गाळ येतो कोठून, ते आता पाहू.

फ्रँकफुर्टची रुग्ण

१९०१ सालच्या नोव्हेंबर महिन्यात जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरातल्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर नावाच्या एका बाईंना दाखल करण्यात आले. त्यांचे वय अवघे ५१ होते. डॉ. अलोइस अल्झायमर यांनी त्यांना नाव विचारले. उत्तर आले, 'आउगुस्टे'. आडनाव? 'आउगुस्टे'. पतीचे नाव? तेही 'आउगुस्टे'च! दुपारी बाई फ्लॉवर आणि मांस खात असताना 'काय खाता आहात?' असे विचारले, तर त्या म्हणाल्या, 'पालक'. लिहायला सांगितले तर स्वतःचे नावही त्यांना पुरते लिहिता येईना.

एप्रिल १९०६ मध्ये त्यांचे निधन झाले. तोवर अल्झायमर म्युनिकला गेले होते. त्यांनी बाईंचा मेंदू तेथे मागवून घेतला, त्याचे अतिशय पातळ काप केले आणि चांदीच्या क्षारांनी ते रंगवले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना दोन विलक्षण गोष्टी दिसल्या. चेतापेशींच्या बाहेर जागोजागी कसल्याशा पदार्थाचे डाग पसरले होते, आणि पेशींच्या आत जाड तंतूंचे गुंते झाले होते. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथील सभेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले. श्रोत्यांपैकी कोणी एकही प्रश्न विचारला नाही! मात्र १९१० साली त्यांचे ज्येष्ठ सहकारी एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या रोगाला 'अल्झायमरचा रोग' असे नाव दिले.

नाव पिठाचे, पदार्थ प्रथिनाचा

बटाट्याच्या फोडीवर आयोडिनाचा थेंब टाकला की ती निळी-काळी होते, हा प्रयोग तुम्ही शाळेत केलाच असेल. ही पिष्टाची परीक्षा. १८५४ साली रुडॉल्फ फिर्शो या जर्मन वैद्याला शरीरातील काही साठे आयोडिनाने पिष्टासारखे रंगतात असे आढळले. लॅटिनमध्ये पिष्टाला 'अमायलम' म्हणतात. त्यावरून त्याने या पदार्थाला 'अमिलॉइड', म्हणजे पिष्टासारखा, असे नाव दिले. पाचच वर्षांनी रासायनिक पृथक्करणात दिसून आले, की यात पिष्ट नाही, नायट्रोजन भरपूर आहे. म्हणजे हा पदार्थ प्रथिनयुक्त आहे. नाव चुकीचे ठरले, पण ते आजतागायत टिकून राहिले! आउगुस्टेबाईंच्या मेंदूत चेतापेशींच्या बाहेर जे डाग दिसले, ते अमिलॉइडचेच होते.

घडी बिघडते तेव्हा

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांब साखळी. अशी वीस प्रकारची अमिनो आम्ले असतात. ही साखळी सरळ पडून राहत नाही, तिची ठरावीक घडी पडते. कुलपात किल्ली बसावी तसे प्रथिनाचे काम त्याच्या आकारावर अवलंबून असते.

घडी मोडली की काय होते, हे स्वयंपाकघरात पाहता येईल. अंड्यातील पांढरा बलक पारदर्शक आणि पातळ असतो. तो तापवला, की त्यातील प्रथिनांच्या घड्या उलगडतात, साखळ्या एकमेकींत अडकतात आणि पांढरा घट्ट गोळा बनतो. तो थंड केला तरी पुन्हा पातळ होत नाही.

मेंदूत अर्थातच उष्णतेने असे होत नाही. तेथे काही प्रथिनांची घडी चुकीची पडते आणि ती सपाट होतात. मग पापडांची चळत लागावी तसे रेणूवर रेणू बसत जाऊन न विरघळणारे तंतू तयार होतात. एकदा चळत सुरू झाली, की नवे रेणू तिच्यावर अधिक सहजपणे बसतात. निरोगी पेशी असा कचरा मोडून बाहेर टाकते. पण निर्मिती जास्त आणि सफाई कमी झाली, की गाळ साचू लागतो.

डाग आणि गुंते

१९८४ साली अमेरिकेत ग्लेनर आणि वाँग यांनी अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूतील रक्तवाहिन्यांमधून अमिलॉइड वेगळे केले. ते एक छोटेसे प्रथिन निघाले. त्याला बीटा-अमिलॉइड म्हणतात. पुढे कळले, की चेतापेशीच्या आवरणात सुमारे ७०० अमिनो आम्लांचे एक मोठे प्रथिन असते. दोन विकरे कात्रीप्रमाणे त्याला दोन ठिकाणी कापतात आणि मधला ४० किंवा ४२ अमिनो आम्लांचा तुकडा सुटा होतो. यांपैकी ४२ चा तुकडा अधिक चिकट असतो.

पेशींच्या आतील गुंते टाऊ नावाच्या प्रथिनाचे असतात. चेतापेशीच्या लांब शाखेतून मालाची ने-आण करण्यासाठी सूक्ष्म नळ्यांचे जणू रूळ टाकलेले असतात. टाऊ त्या रुळांना बळकटी देते. रोगात टाऊवर फॉस्फेटचे गट प्रमाणाबाहेर चिकटतात, ते रुळांपासून सुटते आणि त्याचेच गुंते होतात. वाहतूक बिघडते आणि अखेरीस पेशी मरते. नव्या आठवणी साठवण्यास मदत करणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या आसपास हे गुंते लवकर दिसू लागतात. म्हणूनच आजींना चाळीस वर्षांपूर्वीचे लग्न आठवते, पण सकाळचा चहा आठवत नाही.

इतर रोगांत इतर प्रथिने साचतात. अल्झायमर यांच्याच प्रयोगशाळेत काम केलेल्या फ्रीडरिख लेवी यांनी १९१२ साली कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूपेशींत गोल कण पाहिले. त्यांत अल्फा-सिन्युक्लिन हे प्रथिन असते, हे १९९७ साली उमगले. तसेच कण स्मृतिभ्रंशाच्या आणखी एका प्रकारातही सापडतात.

गाळ हेच कारण काय?

आता एक अवघड प्रश्न. चुलीजवळ राख दिसली, म्हणून राखेने आग लावली असे म्हणता येईल काय? मग अमिलॉइड हे रोगाचे कारण की केवळ अवशेष?

ते कारण असावे, असे सुचवणारा भक्कम पुरावा आनुवंशिकीने दिला. मूळ मोठ्या प्रथिनाचे जनुक २१ व्या गुणसूत्रावर आहे. डाऊन सिंड्रोम असलेल्या व्यक्तींत या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती असतात, आणि चाळिशीपर्यंत त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मेंदूत अमिलॉइड साचलेले आढळते. १९९१ साली लंडनमधील संशोधकांना एका कुटुंबात याच जनुकातील बदल सापडला. तेथे हा रोग तुलनेने कमी वयातच, पिढ्यानपिढ्या होत होता.

उलट बाजूही आहे. काही वृद्धांच्या मेंदूत अमिलॉइड भरपूर सापडते, पण त्यांची स्मृती शाबूत असते. विस्मरणाची तीव्रता टाऊच्या गुंत्यांशी अधिक जुळते. म्हणून अनेक शास्त्रज्ञ मानतात, की अमिलॉइड ही ठिणगी असावी आणि टाऊ हा पुढचा भडका.

अमिलॉइडला चिकटून ते हटवणारे 'लेकॅनेमॅब' हे औषध २०२३ साली अमेरिकेत मान्य झाले. त्याच्या चाचणीत १८ महिन्यांत रोगाची घसरण सुमारे २७ टक्के मंदावली. ती थांबली नाही, आणि गेलेली स्मृतीही परत आली नाही. काही रुग्णांच्या मेंदूत सूज येणे किंवा रक्तस्राव होणे असे धोकेही दिसले. गाळ साचण्यास लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षे आधीच सुरुवात होते. तेव्हा उपचार लवकर करावा लागेल, हे उघड आहे.

आपण काय करावे?

जगात ५ कोटींहून अधिक लोकांना स्मृतिभ्रंश आहे आणि त्यांतील ६० ते ७० टक्क्यांना अल्झायमरचा रोग असावा. हा रोग शुश्रूषा केल्याने किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही. शिवाय प्रत्येक विस्मरण म्हणजे अल्झायमर नव्हे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड ग्रंथीचे मंद काम किंवा खिन्नता यांमुळेही स्मृती ढासळते, आणि त्यांवर उपाय आहेत. म्हणून 'आता वय झाले' असे म्हणून सोडून न देता वैद्यांचा सल्ला घ्यावा.

आणि आजींनी एकच प्रश्न दहाव्यांदा विचारला, तर? त्या मुद्दाम विचारत नाहीत. नऊ वेळा दिलेले उत्तर त्यांच्या मेंदूत साठलेच नाही. त्यांच्यासाठी तो प्रश्न पहिलाच आहे. तुमचे उत्तरही पहिल्याच वेळेसारखे शांत असू द्या. त्या गाळावर पुरते औषध सापडेपर्यंत घरच्या माणसांनी द्यायचे औषध हेच.