स्वगती यांत्रिक अध्यापन आणि व्याख्यान : तुलनेचा प्रश्न

वैद्यकीय शिक्षणात यंत्राने व्याख्यानाची जागा घ्यावी काय, या प्रश्नाचा विचार करताना तुलना नेमकी कशाची होते, हे प्रथम पाहिले पाहिजे.

बी. एफ. स्किनर यांनी १९५८ साली अध्यापनयंत्राची जी तत्त्वे मांडली ती तीन होत : आशयाचे लहान टप्पे, प्रत्येक टप्प्यावर विद्यार्थ्याचे उत्तर व त्याची तत्काळ शहानिशा, आणि ज्याच्या त्याच्या गतीने प्रगती. नॉर्मन क्राउडर यांनी यात शाखापद्धतीची भर घातली. समजा, रक्ताचा पीएच ७.२५ असून बायकार्बोनेट व कार्बन डायऑक्साइड ही दोन्ही घटलेली आहेत. विद्यार्थ्याने 'श्वसनजन्य आम्लता' असे उत्तर दिले, तर शाखापद्धतीत त्याला त्याच चुकीचे विवेचन करणारा पाठ मिळतो. मग तो चयापचयजन्य आम्लतेकडे वळतो. व्याख्यानात हीच चूक बहुधा परीक्षेपर्यंत अदृश्य राहते.

परंतु यावरून यंत्र श्रेष्ठ ठरत नाही. उत्तर देणे व चूक कळणे हे पद्धतीचे गुण आहेत, साधनाचे नव्हेत. छापील पुस्तिकेतही ते आणता येतात; प्रश्न विचारीत चालणाऱ्या व्याख्यानातही काही अंशी येतात. साधन आणि पद्धती यांची ही गल्लत रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ साली निदर्शनास आणली. डेव्हिड कुक व त्यांचे सहकारी यांनी २००८ साली आरोग्यशिक्षणातील २०१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. इंटरनेटद्वारा दिलेल्या शिक्षणाची तुलना 'काहीच न शिकविण्याशी' केली असता ज्ञानातील फरक १.०० प्रमाण विचलनाइतका आढळला. अन्य अध्यापनाशी केली असता तो अवघा ०.१२ उरला. शिवाय निरनिराळ्या अभ्यासांच्या निष्कर्षांत मोठी तफावत होती.

म्हणून 'यंत्र की व्याख्यान' या स्वरूपाचा प्रयोग फारसे काही शिकवीत नाही. आशय, अध्ययनास दिलेला वेळ आणि प्रश्नांची संख्या दोन्ही गटांत समान ठेवून एकच घटक बदलावा; चाचणी पाठ संपताच घ्यावी, तशी काही महिन्यांनंतरही घ्यावी; आणि स्वगतीच्या गटातून मध्येच गळालेल्यांची गणना निष्कर्षातून वगळू नये. अन्यथा चिकाटीने टिकलेल्या विद्यार्थ्यांचे यश यंत्राच्या नावे जमा होईल, आणि त्या आधारावर व्याख्यानांचे तास कमी करणारा अभ्यासक्रम दुर्बल विद्यार्थ्याचेच नुकसान करील.