फरशीच्या सांध्यातली हळद

अमेरिकेतल्या मराठी घराची एक खूण स्वयंपाकघरातल्या फरशीत सापडते. टाइल चकचकीत, पण शेगडीसमोरच्या चार-सहा टाइलांमधल्या रेघा पिवळट, तपकिरी, कधी चक्क काळ्या. या रेघांत जो माल भरलेला असतो त्याला ग्राऊट म्हणतात. आपल्याकडचे गवंडी ‘दर्जा भरणे’ म्हणतात, तेच हे काम. घर विकायला काढले की एजंटची नजर नेमकी तेथे जाते आणि फरशीच बदलून घेण्याचा सल्ला मिळतो. तो सल्ला हजारो डॉलर्सना पडू शकतो. टाइल शाबूत असेल आणि सांधे फुटलेले नसतील, तर आधी एक शनिवार-रविवार खर्चून पाहावा.

डाग का पडतात हे कळले की उपाय सोपा होतो. नेहमीच्या ग्राऊटमध्ये मुख्यतः पोर्टलंड सिमेंट, रंग आणि पाणी असते. सांधा १/८ इंचापेक्षा रुंद असेल तर बारीक वाळूही घालतात. सिमेंट घट्ट झाल्यावर जास्तीचे पाणी उडून जाते आणि मागे अतिशय बारीक छिद्रांचे जाळे राहते. टाइलवर काचेसारखी चकाकी असल्यामुळे तिच्यात काही मुरत नाही. ग्राऊट मात्र टिपकागदासारखे सारे ओढून घेते. शिवाय सांधा टाइलपेक्षा किंचित खोल असतो. फरशी पुसताना मॉपचे मळके पाणी तेथे साचते, पाणी वाळते आणि मळ राहतो. रोज पुसूनही रेघा काळ्या पडतात त्या यामुळेच. बादलीतले पाणी मधूनमधून बदलावे, एवढे केले तरी पुष्कळ फरक पडतो.

हळदीची गोष्ट थोडी निराळी. तिचा रंग कर्क्युमिन या द्रव्याचा. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणजे फोडणीचा थेंब उडाला की तेल वाट दाखवते आणि रंग मागोमाग आत शिरतो. नुसत्या पाण्याने पुसून तो निघणार नाही, हे ओघानेच आले. दुसरे असे, की अल्कलीशी गाठ पडली की कर्क्युमिन तांबडे होते. हळदीला चुन्याची जोड देऊन कुंकू करतात ते याच गुणावर. म्हणून डागावर साबण किंवा खाण्याचा सोडा घातल्यावर तो लालसर झाला तर घाबरू नये. डाग वाढलेला नसतो, रंग बदललेला असतो. हळदीला ऊनही सोसत नाही. हळदीचा डाग पडलेला सदरा आई उन्हात वाळत घालीत असे, त्यामागे हेच कारण. खिडकीजवळच्या फरशीवरचे डाग आपोआप फिके होतात तेही त्यामुळेच.

आता प्रत्यक्ष काम. आधी भांडी घासण्याचे लिक्विड गरम पाण्यात घालून सांधे घासावेत, म्हणजे तेल निघेल. ब्रश नायलॉनचा, ताठ केसांचा घ्यावा. तारेच्या ब्रशाने ग्राऊट खरवडते आणि मागे राहिलेले लोखंडाचे कण गंजतात. मग खाण्याचा सोडा आणि औषधांच्या दुकानात मिळणारे ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड यांची पातळ चटणी करून सांध्यांवर लावावी, १५-२० मिनिटे ठेवून घासावी आणि पुसून घ्यावी. जुन्या, मोठ्या भागासाठी ऑक्सिजन ब्लीचची पूड बरी. तिच्यातले सोडियम परकार्बोनेट कोमट पाण्यात पेरॉक्साइडच मोकळे करते. कालवलेले मिश्रण उरले तर झाकणबंद बाटलीत ठेवू नये. आत वायू साठून बाटली फुटू शकते. रंगीत ग्राऊट असेल तर आधी कोपऱ्यात प्रयोग करावा. शेवटी स्वच्छ पाण्याने दोनदा पुसून कोरडे करावे.

दोन गोष्टी टाळाव्यात. पहिली व्हिनेगर, लिंबू किंवा चिंच. चिंचेने तांब्या-पितळ लखलखते म्हणून तोच न्याय येथे लावू नये. सिमेंटमधली कॅल्शियमची संयुगे आम्लात विरघळतात. ग्राऊट पहिल्या दिवशी स्वच्छ दिसते, पण अधिक सच्छिद्र होऊन पुढचे डाग लवकर धरते. संगमरवरी फरशीची तर चकाकीच जाते. दुसरी गोष्ट जिवाशी संबंधित आहे. क्लोरीनचे ब्लीच व्हिनेगरमध्ये किंवा अमोनिया असलेल्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नये. दोन्ही वेळा विषारी वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो फार घातक ठरतो. एक औषध लागू पडले नाही म्हणून त्यावरच दुसरे ओतण्याची सवय येथे सोडलीच पाहिजे.

स्वच्छ झालेले ग्राऊट तसेच सोडले तर काही महिन्यांत पुन्हा तीच अवस्था होते. म्हणून सीलर लावायचा. तो दोन प्रकारचा असतो. वर पापुद्रा धरणारा सीलर वर्दळीने झिजतो. आत मुरणारा, सिलेन-सिलोक्सेन जातीचा सीलर छिद्रांच्या भिंतींना अस्तर लावतो. पाणी आत शिरत नाही, पण आतली वाफ बाहेर पडू शकते. घरच्या सिमेंटच्या ग्राऊटसाठी सहसा हाच घ्यावा. फरशी निदान एक दिवस, दमट हवेत दोन दिवस, पूर्ण वाळू द्यावी. खिडक्या उघडून लहान ब्रशाने फक्त सांध्यांवर सीलर लावावा आणि टाइलवर सांडलेला डब्यावर सांगितलेल्या वेळेत पुसावा. नाहीतर वाळून पांढुरकी झाक राहते. दुसरा हात आणि वाळण्याचा वेळ डब्यावर दिल्याप्रमाणे. एपॉक्सी ग्राऊटला सीलर लागत नाही. तडकलेला सांधा आधी नव्याने भरावा, आणि टबाच्या कडेला ग्राऊटऐवजी सिलिकोन कॉक असावा.

सीलरमुळे डाग अजिबात पडत नाहीत असे नाही. सांडलेले वरण पुसायला थोडा वेळ मिळतो, इतकेच. दर वर्षी दिवाळीच्या साफसफाईत शेगडीसमोरच्या सांध्यावर पाण्याचे चार थेंब टाकावेत. थेंब मोत्यासारखे वर राहिले तर सीलर टिकून आहे. पाच-दहा मिनिटांत सांधा गडद झाला, तर ब्रश पुन्हा बाहेर काढावा.