बाराचा आकडा : स्त्रियांच्या रक्तक्षयाचा मागोवा

लोहाच्या कमतरतेमुळे होणारा रक्तक्षय भारतीय बायकांमध्ये इतका नेहमीचा आहे की त्याला आजार म्हणायलाच वेळ लागतो. जिना चढताना धाप लागते, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते आणि त्याचे खापर कामावर, उन्हावर नाहीतर वयावर फुटते. शरीरातला हिशेब तसा साधा आहे. पाळी येणाऱ्या स्त्रीच्या शरीरातून रोज सरासरी एक ते दीड मिलिग्रॅम लोह जाते. पण भात, भाकरी, डाळ, भाजी अशा जेवणातले लोह दहा टक्क्यांहूनही कमीच अंगी लागते. त्यामुळे जेवढे जाते त्याच्या दसपटीहून अधिक ताटात असावे लागते. अंगावरून जास्त जात असेल, बाळंतपणे लागोपाठ झाली असतील किंवा पोटात जंत असतील, तर ही तूट भरून येत नाही.

रक्तक्षयाच्या भारतीय अभ्यासाची एक सुरुवात मुंबईत झाली. 1928 साली लुसी विल्स ही इंग्रज डॉक्टर गिरणी कामगार बायकांमधला गरोदरपणातला रक्तक्षय तपासायला मुंबईत आली. या रुग्णांच्या तांबड्या पेशी नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, या बायका बऱ्या झाल्या, हे तिने 1931 साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. रक्त कमी म्हणजे लोह कमी, एवढाच अर्थ नसतो, हे तेव्हाच दिसले होते. पुढे पुण्यात 1993 साली सुरू झालेल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या अभ्यासात निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांमध्ये बी-12 जीवनसत्त्व कमी आढळले. सरकारी कार्यक्रमांचा भर मात्र लोहावरच राहिला.

1970 साली देशात लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या वाटण्याचा कार्यक्रम सुरू झाला. गरोदर बाईला रोज 60 मिलिग्रॅम लोह, शंभर दिवस. पुढे मात्रा 100 मिलिग्रॅम झाली आणि कालांतराने पुन्हा 60 वर आली. गोळी घेतल्यावर मळमळते, पोट बांधून येते, शौचाला काळे होते. हे आधी कोणी सांगितले नाही, तर घाबरून गोळ्या डब्यात पडून राहतात. वाटलेल्या गोळ्या आणि पोटात गेलेल्या गोळ्या यांतला हा फरक पुढची पन्नास वर्षे पुरून उरला.

बंगळुरूचे सेंट जॉन्स मेडिकल कॉलेज 1963 सालचे. कोरमंगलाच्या आवारात 1975 साली त्याचे रुग्णालय उघडले आणि 2004 साली सेंट जॉन्स संशोधन संस्था उभी राहिली. तिथे डॉ. अनुरा कुर्पाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोहाच्या प्रश्नाची वाट बदलली. किती लोह द्यावे याआधी दिलेल्यापैकी रक्तात किती उतरते, हे त्यांनी मोजायला घेतले.

2008 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा एक प्रयोग जवळून पाहण्याजोगा आहे. रक्तक्षय असलेल्या आणि नसलेल्या तरुण बायकांना भाताचे जेवण दिले. त्यात खूण म्हणून लोहाचे किरणोत्सारी नसलेले वेगळ्या वजनाचे अणू मिसळलेले होते. कधी जेवणासोबत क जीवनसत्त्व दिले, कधी चहा. दोन आठवड्यांनी रक्त काढले आणि खुणेच्या अणूंपैकी किती तांबड्या पेशींत पोहोचले ते मोजले. जेवणाबरोबरच्या एका कप चहाने शोषण जवळपास निम्म्यावर आले. क जीवनसत्त्वाने ते दुपटीहून जास्त वाढले. रक्तक्षय असलेल्या बायकांचे शरीर इतरांच्या दुपटीहून अधिक लोह खेचून घेत होते, पण चहाचा अडथळा त्यांनाही तेवढाच जाचत होता. ताटातल्या लिंबाच्या फोडीचे आणि जेवणावरच्या चहाचे मोल इतक्या नेमकेपणाने हाती येणे ही मोठी गोष्ट होती. हा सल्ला गोळीबरोबर घरोघरी तितक्याच निष्ठेने पोहोचायला हवा होता.

गरजेचा आकडाही हलत राहिला. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने प्रौढ स्त्रीसाठी 1989 मध्ये रोज 30 मिलिग्रॅम लोह सांगितले, 2010 मध्ये 21. 2020 मध्ये दोन आकडे आले: सरासरी गरज 15 आणि जवळजवळ सगळ्यांना पुरेल अशी शिफारस 29. समाजाला लोह कमी पडते का, हे सरासरी गरजेवरून ठरवावे, असे कोरमंगलाच्या गटाचे म्हणणे. तसे पाहिले की तूट लहान दिसते.

देशातल्या बायकांचे रक्त मोठ्या प्रमाणावर तपासले गेले ते राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत. 1998-99 मध्ये 15 ते 49 वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी 52 टक्के रक्तक्षयी निघाल्या. 2005-06 मध्ये सर्व स्त्रियांत हे प्रमाण 55 टक्के होते, 2015-16 मध्ये 53 आणि 2019-21 मध्ये 57. शेवटच्या दोन पाहण्यांच्या दरम्यान महाराष्ट्र 48 वरून 54 वर गेला, कर्नाटक 45 वरून 48 वर. तोवर किशोरींसाठी आठवड्याची गोळी सुरू झाली होती, 2018 साली ‘अ‍ॅनिमिया मुक्त भारत’ अभियानाने दर वर्षी तीन टक्क्यांची घट ठरवली होती. इतके करून आकडा वर गेला, तेव्हा मोजणीवरच बोट ठेवले जाणे साहजिक होते.

पाहणीत बोटाला टोचून रक्त घेत. थेंब नीट येत नाही म्हणून बोट दाबले की ऊतींतले पाणी त्यात मिसळते आणि हिमोग्लोबिन असते त्याहून कमी दिसू शकते. 2016-18 च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत मुलांचे आणि किशोरांचे रक्त शिरेतून घेतले गेले. तिथे 10 ते 19 वयाच्या मुलींत रक्तक्षय 40 टक्के होता. मुलग्यांत तो 18 टक्के होता. पद्धत सुधारली तरी दर पाचांतल्या दोन मुली रक्तक्षयी उरल्या, हे विसरून चालत नाही.

दुसरा वाद बाराच्या आकड्याचा. गरोदर नसलेल्या स्त्रीत शंभर मिलिलिटर रक्तात 12 ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय, ही जागतिक आरोग्य संघटनेची 1968 पासूनची मर्यादा. तिच्यामागचा पुरावा बहुतांशी पाश्चात्त्य लोकांचा होता. दिल्लीचे डॉ. एच. पी. एस. सचदेव आणि कोरमंगलाचे संशोधक यांनी 2021 साली निरोगी भारतीय मुलांची आकडेवारी मांडली. बहुतेक वयांत त्यांची मर्यादा एक ते दोन ग्रॅमने खाली येत होती आणि ती धरली तर मुलांतला रक्तक्षय 30 वरून सुमारे 11 टक्क्यांवर येतो. टीकाकारांना भीती ही की मर्यादा उतरवली तर थकलेली बाई कागदावर निरोगी ठरेल. ही भीती रास्त आहे. पण गरज नसलेल्या शरीरात लोह ओतत राहणेही निर्धोक नाही, हा कुर्पाड गटाचा आक्षेपही तेवढ्याच वजनाचा आहे.

धोरण तोवर पुढे गेले होते. 15 ऑगस्ट 2021 रोजी रेशनचा सगळा तांदूळ 2024 पर्यंत लोहयुक्त करण्याची घोषणा झाली आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये योजनेला 2028 च्या अखेरपर्यंत मुदत मिळाली. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या सहभागाने कर्नाटक आणि राजस्थानातल्या चार हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांवर शिरेतून दिलेले लोह आणि गोळ्या यांची तुलना झाली. जागतिक आरोग्य संघटनेने 2024 च्या नव्या मार्गदर्शिकेत रक्त शिरेतूनच घेऊन यंत्रावर तपासण्याची शिफारस केली. गरोदर नसलेल्या स्त्रीसाठीचा बाराचा आकडा मात्र तसाच ठेवला.